शाफ्ट फिरतोच आहे, पुली मात्र थांबली: घर्षण क्लच समजून घेताना

खेड्यातल्या जुन्या गिरणीत इंजिन एकच असायचं. त्याचा पट्टा भिंतीलगतच्या लांब शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या लोखंडी दांड्यावर, चढवलेला, शाफ्टवर अंतराअंतरावर पुल्या, आणि त्या पुल्यांवरून यंत्रांकडे गेलेले पट्टे: एक पिठाच्या चक्कीला, एक मिरची कांडपाला, एक भाताच्या हलरला. मिरची संपली की कांडप थांबवायचं. पण त्यासाठी इंजिन बंद केलं तर दळणाची रांग खोळंबते. म्हणजे शाफ्ट फिरता ठेवून त्यावरचं एकच यंत्र सोडवायचं आणि लागेल तेव्हा पुन्हा जोडायचं, असा हा प्रश्न.

हा प्रश्न फक्त खेड्यातला नव्हता. मुंबईत ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. तिथून पुढे कित्येक दशकं गिरण्यांमधली शक्ती अशीच फिरायची: वाफेचं मोठं इंजिन, त्यावरून खात्याखात्यात गेलेले शाफ्ट, आणि शाफ्टवरून यंत्रांना पट्टे. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर ही फार नंतरची चैन.

जुना उपाय सैल पुलीचा. यंत्राच्या शाफ्टवर शेजारी शेजारी दोन पुल्या बसवायच्या, एक चावी (शाफ्ट आणि पुलीच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) ठोकून पक्की केलेली आणि एक मोकळी फिरणारी. लाकडी दांड्याने किंवा लोखंडी काट्याने पट्टा पक्कीवरून सैलीवर सरकवला की यंत्र थांबतं, परत सरकवला की चालू होतं. रचना साधी आणि स्वस्त आहे. पण पट्टा दिवसभर उगाच फिरत राहतो, सैल पुलीचा बुश (तिच्या भोकातली, शाफ्टवर घासणारी नळी) झिजतो, आणि थोड्या कंपनानेही पट्टा हळूहळू पक्कीकडे सरकून बंद यंत्र आपोआप चालू होण्याचा धोका राहतो. हा धोका इतका खरा होता की १९४८ च्या कारखाने अधिनियमात, २४ व्या कलमात, तो नेमक्या शब्दांत आला: पट्टा सरकवायला योग्य साधन हवं, पट्टा आपोआप पक्क्या पुलीवर परत येता कामा नये, आणि वापरात नसलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर टेकलेला असता कामा नये.

दुसरा उपाय दातांच्या क्लचचा. क्लच म्हणजे फिरता शाफ्ट आणि पुली हवं तेव्हा जोडणारा आणि सोडवणारा भाग. शाफ्टवर दात असलेली कॉलर (सरकणारं कडं), पुलीला समोरासमोर तसेच दात, कॉलर सरकवली की दात दातांत. पकड पक्की, घसरण शून्य. पण शाफ्ट मिनिटाला ३०० फेरे फिरतोय आणि पुली स्थिर आहे, अशा वेळी दात एकमेकांत घालणं म्हणजे पुलीने, पट्ट्याने आणि मागच्या सगळ्या यंत्राने क्षणार्धात तो वेग घ्यावा असा हट्ट धरणं. वजनदार वस्तूला शून्य वेळात वेग देता येत नाही. मग दात तुटतात, चावी कातरली जाते किंवा पट्टा उडतो. दातांचा क्लच चालतो तो दोन्ही बाजू थांबलेल्या असताना, किंवा वेग अगदी कमी असताना.

इथे घर्षण क्लचची गरज लागते. त्याच्याबद्दल बोलताना आपण सहसा ‘पकडतो किती’ एवढंच विचारतो. माझ्या मते त्याचं खरं काम आहे ते जोडणीच्या सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांत नीट निसटण्याचं. शाफ्ट ३०० वर आहे, पुली शून्यावर आहे, आणि मधल्या वेळात दोघांचे वेग जुळेपर्यंत कुणीतरी घसरत राहून जोर पोहोचवायला हवा. पूर्ण पकड मिळाल्यानंतर क्लच म्हणजे शाफ्टचाच एक भाग, त्याला काही करायचं उरत नाही. त्याचं आयुष्य, त्याचा आकार, त्याचं बिघडणं हे सगळं त्या निसटण्याच्या सेकंदांवर ठरतं.

आत काय असतं ते एकदा डोळ्यांसमोर आणू. पुली शाफ्टवर बुशवर किंवा बेअरिंगवर बसते, म्हणजे शाफ्ट फिरला तरी पुली थांबू शकते. पुलीच्या एका अंगाला पिंपासारखा भाग असतो आणि त्याला आतून दात पाडलेले असतात. या दातांत एक चकती अडकते. ती पुलीबरोबर फिरते, पण शाफ्टच्या लांबीच्या दिशेने थोडी सरकू शकते. चकतीच्या दोन्ही तोंडांवर लायनिंग, म्हणजे घासून पकड देणारा थर, असतं. आता शाफ्टकडे पाहा: त्यावर चावीने पक्का बसवलेला हब, हबला एक मागची लोखंडी प्लेट आणि एक पुढची, सरकणारी प्रेशर प्लेट. लायनिंगची चकती या दोन प्लेटांच्या मध्ये. हँडल ओढलं की शाफ्टवरची कॉलर सरकते, तिला जोडलेली फिंगरं (तरफेसारखे छोटे दांडे) प्रेशर प्लेटला दाबतात, आणि चकती दोन लोखंडी प्लेटांत चिमटली जाते. शाफ्टच्या प्लेटा फिरतायत, पुलीची चकती थांबलेली आहे. दोघांत घर्षण सुरू होतं आणि पुली फिरायला लागते.

किती जोराने चिमटायचं, याचा हिशोब शाळेतल्या गणिताने होतो. समजा ५ हॉर्सपॉवरचं यंत्र आहे आणि शाफ्ट ३०० फेऱ्यांवर. ५ हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ३७३० वॉट. ३०० फेरे म्हणजे सेकंदाला ३१.४ रेडियन (कोन मोजायचं एकक). भागाकार केला की टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सुमारे १२० न्यूटन-मीटर येतो. हा चालू कामाचा टॉर्क झाला. सुरुवातीला यंत्राला वेगही द्यायचा असतो, म्हणून क्लच दुप्पट धरू, २४० न्यूटन-मीटरचा.

चकतीचा बाहेरचा व्यास २५० मिलिमीटर आणि आतला १५० घेतला, तर लायनिंगची सरासरी त्रिज्या १०० मिलिमीटर. कोरड्या लायनिंगचा लोखंडावरचा घर्षणांक (दाबाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा) ०.३ धरू. घासणारी तोंडं दोन. टॉर्क म्हणजे तोंडांची संख्या, घर्षणांक, दाब देणारं बल आणि त्रिज्या यांचा गुणाकार: २ × ०.३ × बल × ०.१. हे २४० व्हायला बल लागतं ४००० न्यूटन, म्हणजे साधारण ४०० किलोचा भार. एवढ्याशा चकतीवर ४०० किलो!

आता गंमत पाहा की या सूत्रात लायनिंगचं क्षेत्रफळ कुठेच नाही. घर्षण हे दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे फ्रान्समध्ये आमोंतों यांनी १६९९ साली मांडलं आणि पुढे कुलोंब यांनी १७८० च्या दशकात प्रयोगांनी पक्कं केलं. त्याच बलाने अरुंद कडं दाबलं किंवा रुंद कडं दाबलं, सरासरी त्रिज्या तीच असेल तर टॉर्कही तोच. मग रुंद लायनिंग लावायचं कशाला? झिजेसाठी आणि उष्णतेसाठी. आपल्या चकतीचं एका तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणून ४०० किलो पसरल्यावर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १.३ किलो दाब येतो. हा लायनिंगला सोसणारा दाब आहे. तेच बल पाचव्या हिश्शाच्या जागेवर दिलं तर पकड तेवढीच मिळेल, पण लायनिंग भराभर झिजेल. पकड वाढवायची असेल तर बल वाढवा, त्रिज्या वाढवा किंवा घासणारी तोंडं वाढवा. नुसतं रुंद लायनिंग लावून ती वाढत नाही. दुरुस्तीच्या दुकानांत हा गैरसमज अजून चालतो.

घर्षणांकाचं महत्त्व तेल लागल्यावर कळतं. कोरड्या लायनिंगवर तेलाचा पातळ थर बसला की ०.३ चा घर्षणांक ०.१ च्या आसपास येऊ शकतो. फिंगरं तशीच, हँडल तेवढ्याच जोरात बसलंय, पण आपल्या क्लचची क्षमता २४० वरून ८० वर आली. यंत्राला चालायला १२० लागतात. म्हणजे क्लच आता कायम घसरत राहणार. कारागीर लायनिंगच्या चकतीलाच प्लेट म्हणतो; तो सांगतो, ‘प्लेट धरत नाही’, आणि मालक म्हणतो, ‘ॲडजस्टमेंट टाइट कर’. टाइट करून हा दोष जात नाही, कारण दोष बलात नाहीच.

हे तेल येतं कुठून? बहुतेक वेळा पुलीच्या बुशातून. या बुशाची गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याला वाटतं की यंत्र चालू असताना बुश झिजतो. पण क्लच जोडलेला असताना पुली आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यांच्यात घासणं नसतंच. बुश काम करतो तो क्लच सोडलेला असताना: शाफ्ट फिरतोय, पुली थांबलीय, आणि पट्ट्याचा ताण बुशाला एका अंगाने दाबून धरतोय. म्हणून जे यंत्र दिवसाचा बराच वेळ बंद असतं, त्याच्याच पुलीचा बुश आधी जातो. त्या बुशाला ग्रीस हवंच. मात्र निपलमधून ग्रीस गन दाबत राहिलं आणि जास्तीचं ग्रीस चकतीच्या बाजूने बाहेर आलं, तर ते उष्णतेने पातळ होऊन लायनिंगवर उडतं. ग्रीस न देणं याहून वाईट. कोरडा बुश गरम होऊन शाफ्टला धरतो, आणि मग क्लच सोडलेला असतानाही पुली शाफ्टबरोबर फिरते. यंत्र बंद आहे असं समजून कुणी हात घातलेला असतो, आणि यंत्र चालू असतं. म्हणून क्लच सोडल्यावर पुली खरोखर थांबते का हे रोज पाहावं, आणि यंत्रात हात घालायचा असेल तर क्लचवर भरवसा न ठेवता इंजिन किंवा मोटरच बंद करावी.

आता उष्णता. क्लचमधला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात कमी माहीत असलेला भाग हाच.

समजा यंत्राचा फिरणारा भाग म्हणजे १०० किलोची, ३० सेंटिमीटर त्रिज्येची भरीव तबकडी आहे आणि तीही शाफ्टच्याच वेगाने, ३०० फेऱ्यांनी फिरवायची आहे. तो वेग आल्यावर तिच्यात साधारण २२०० ज्यूल ऊर्जा साठते. प्रश्न असा की तिला थांबलेल्या स्थितीतून या वेगावर आणताना क्लचमध्ये उष्णता किती तयार होते? उत्तर आहे: तेवढीच, २२०० ज्यूल. शाफ्टने ४४०० दिले, निम्मे यंत्राला पोहोचले आणि निम्मे लायनिंगमध्ये तापले. हँडल झटक्यात ओढा किंवा सावकाश, क्लच महागडा असो किंवा साधा, हा निम्मा वाटा सुटत नाही.

कारण असं. घसरत असताना दोन्ही बाजूंवर टॉर्क सारखाच असतो, वेग मात्र वेगळे असतात. शाफ्ट पूर्ण वेगाने फिरत असतो आणि यंत्र शून्यावरून चढत जातं, म्हणजे सरासरीने निम्म्या वेगाने. त्या वेळात शाफ्ट दहा फेरे फिरला तर यंत्र पाचच फिरतं. टॉर्क तोच आणि फेरे निम्मे, म्हणून यंत्राला मिळालेलं काम निम्मं. उरलेलं काम दोन तोंडांच्या घासण्यात जातं. जुळवाजुळवीची ही किंमत कुठलाही घर्षण क्लच देतोच.

२२०० ज्यूल तसे किती? प्लेटांचं लोखंड ५ किलो धरलं तर एका जोडणीत ते जेमतेम एक अंशाने तापेल. म्हणजे दिवसातून वीस वेळा यंत्र चालू-बंद केलं तर क्लचला पत्ताही लागत नाही. पण दर पाच सेकंदांना जोडणी करणारं यंत्र असेल, तर तेच २२०० ज्यूल म्हणजे सतत ४४० वॉटची शेगडी लावल्यासारखं. म्हणून क्लच निवडताना ‘किती हॉर्सपॉवर’ इतकाच ‘तासाला किती वेळा’ हा प्रश्न महत्त्वाचा. विकणाऱ्याने तो विचारला नाही, तर आपण सांगावा.

वरचा निम्म्याचा हिशोब मोकळ्या यंत्राचा आहे. यंत्रात माल असताना क्लच जोडला तर चित्र बदलतं. समजा यंत्राला चालायलाच १२० न्यूटन-मीटर लागतायत आणि क्लच २४० देतोय. वेग वाढवायला उरले १२०. जी जोडणी मोकळ्या यंत्रात सुमारे ०.६ सेकंदात होते, ती आता १.२ सेकंद घेते आणि उष्णता दुप्पट, सुमारे ४४०० ज्यूल. त्यात जर हँडल हळुवार धरलं आणि क्लच फक्त १३० देतोय अशी वेळ आली, तर वेग वाढवायला उरतात फक्त १०. मग जोडणीला १४ सेकंद लागतात आणि उष्णता जाते २८,००० ज्यूलच्या वर. मोकळ्या यंत्राच्या तेरा पट! ‘हळू जोडला की क्लच टिकतो’ हा समज पट्ट्याला आणि दातांना धक्का न बसण्यापुरता बरोबर आहे. भरलेल्या यंत्रावर हळू जोडणं हा प्लेट जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. जुना गिरणीवाला आधी चक्की मोकळी फिरवतो आणि दगडाला वेग आल्यावर मगच धान्य सोडतो, त्याच्यामागे हेच गणित आहे.

आणि यंत्र अडकलंच तर? पुली जागच्या जागी रुतली, शाफ्ट फिरतोय, क्लच पूर्ण जोराने घसरतोय. २४० गुणिले ३१.४, म्हणजे सुमारे साडेसात किलोवॉट उष्णता त्या दोन तोंडांत तयार होते. ५ किलो लोखंड सेकंदाला तीन अंशांहून जास्त तापतं आणि एका मिनिटात तापमान दोनशे अंशांनी चढतं. लायनिंगला बांधून ठेवणारी राळ या सुमाराला मऊ पडू लागते, घर्षणांक उतरतो, घसरण आणखी वाढते. जळका वास आला की प्लेट जळालीच समजायची. तरीही इथे क्लचने एक काम चोख केलेलं असतं: शाफ्ट पिळला नाही, गिअर तुटला नाही. घसरून तो स्वतः जळला आणि बाकीचं वाचलं. मात्र हे संरक्षण काही सेकंदांचं असतं, तेवढ्यात माणसाने हँडल सोडायला हवं.

चारशे किलोचा भार माणूस हाताने कसा देतो, तेही पाहण्यासारखं आहे. हँडलला साधारण १० पट फायदा आणि फिंगरांना ५ पट धरला, तर एकूण ५० पट. म्हणजे हाताला ८ किलो. शिवाय फिंगरांची जोडणी अशी असते की कॉलर शेवटच्या टप्प्यात आली की दुवे जवळजवळ सरळ रेषेत येतात आणि तिथे जोर झपाट्याने वाढतो. सरळ रेषेच्या किंचित पलीकडे गेले की ते तिथेच बसतात. हँडल सोडलं तरी क्लच जोडलेला राहतो आणि कॉलरवर भार उरत नाही. गाडीच्या क्लचमध्ये उलट असतं. तिथे स्प्रिंगा कायम दाबून धरतात आणि पायाने सोडवावं लागतं, कारण गाडीत जोडलेली स्थिती नेहमीची आणि सुटलेली क्षणाची.

हा पलीकडे जाण्याचा क्षण हाताला कळतो. चांगल्या जुळवलेल्या क्लचचं हँडल शेवटी घट्ट होत जातं आणि मग खट्कन बसतं. लायनिंग झिजलं की प्लेटांना जास्त सरकावं लागतं, दुवे सरळ रेषेत आले तरी पूर्ण दाब येत नाही, आणि ते ‘खट्’ मवाळ होतं. हँडल अलगद बसायला लागलं म्हणजे ॲडजस्टिंग रिंग (प्लेटांचा दाब जुळवणारं कडं) एक-दोन खाचांनी फिरवायची वेळ झाली. तेव्हाच फिरवली तर प्लेट वर्षानुवर्षं चालते. मवाळ हँडलवर महिनाभर काम रेटलं तर थोडं थोडं घसरून लायनिंगचं तोंड काचेसारखं गुळगुळीत होतं, आणि मग रिंग कितीही आवळा, पकड येत नाही. अशी चकती काढून तोंड खरवडावं लागतं. ती काढलीच आहे तर रिव्हेटांची डोकी लायनिंगमध्ये अजून किती खोल आहेत तेही पाहून घ्यावं. डोकं वर आलं की ते लोखंडी प्लेटमध्ये चर पाडतं, आणि मग लायनिंग बदलण्याबरोबर लोखंडी प्लेटही लेथवर चढवावी लागते.

जोडताना थरथर होते, त्याचं मूळही घर्षणातच आहे. थांबलेल्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण सरकत्या पृष्ठभागांपेक्षा जरा जास्त असतं. त्यामुळे चकती धरते, सुटते, पुन्हा धरते, आणि पट्टा थडथडतो. चांगल्या लायनिंगमध्ये हा फरक मुद्दाम कमी ठेवलेला असतो. वाकडी प्लेट, ढिली चावी किंवा एकसारखी न लावलेली फिंगरं यांनीही तेच होतं, म्हणून लायनिंगला दोष देण्याआधी तिन्ही फिंगरं एकाच वेळी टेकतात का ते पाहावं.

लायनिंगला पूर्वी लाकूड, चामडं, कॉर्क असं काय काय वापरलं गेलं. इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी खास घर्षण साहित्य बनवायला सुरुवात केली, त्यातून फेरोडो हे नाव उभं राहिलं. पुढे बराच काळ ॲसबेस्टॉस वापरलं गेलं, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. त्याची धूळ मात्र फुप्फुसांत जाऊन कर्करोग करते, आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणून जुना क्लच उघडलात तर आतली काळी-करडी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, कितीही घाई असली तरी. ओल्या फडक्याने पुसा, फडकं बंद पिशवीत टाका आणि तोंडावर योग्य मास्क ठेवा. पाइपने फू केली की ती धूळ शेजारी चहा घेऊन आलेल्या पोराच्याही छातीत जाते.

घर्षण क्लचची बाकीची रूपं याच सूत्राची. शंकूचा क्लच पाचरीसारखा आत शिरतो. त्याचा कोन साधारण १२.५ अंश ठेवला की दिलेल्या बलाच्या साडेचार पटींहून जास्त दाब तोंडावर येतो. कोन याहून फार कमी केला तर शंकू रुतून बसतो आणि सुटत नाही. बजाज चेतकमध्ये तेलात बुडालेल्या, कॉर्क लावलेल्या अनेक पातळ प्लेटा होत्या. तेलात घर्षणांक कमी मिळतो, तो प्लेटांची संख्या वाढवून भरून काढायचा, आणि बदल्यात तेल उष्णता वाहून नेतं. कायनेटिकच्या लुनाला क्लचची मूठच नव्हती. इंजिनाचा वेग वाढला की आतले बूट केंद्रापासून बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरायचे.

मला मात्र यातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र वाटतं ते पॉवर प्रेस. पुण्याच्या भोसरीपासून छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजपर्यंत पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या असंख्य शॉपमध्ये ती असते. इथे रचना उलटी: मोटर पट्ट्याने फ्लायव्हील पुली (जड चाक) सतत फिरवते, आणि क्लच ती पुली क्रँकशाफ्टला जोडतो. शाफ्ट फिरला की रॅम, म्हणजे पत्र्यावर दाब देणारा वर-खाली होणारा भाग, खाली येतो.

जुन्या प्रेसमध्ये रोलिंग की असते, म्हणजे दातांच्या क्लचचाच एक प्रकार. पेडल दाबताच ही ‘की’ (चावी) फिरून खाचेत बसते आणि शाफ्ट पूर्ण एक फेरा मारूनच सुटतो. मध्ये सोडवायची सोयच नसते. मिनिटाला ६० स्ट्रोक असतील तर रॅम अर्ध्या सेकंदात खाली येतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात बोटं आत राहिली तर कुणीही, काहीही करू शकत नाही. अशा प्रेसला प्रकाशाचा सुरक्षा पडदा (हात आडवा आला की थांबण्याचा इशारा देणारे किरण) लावून उपयोग नाही. हात दिसल्याचा इशारा मिळाला तरी थांबवणार काय? तिथे हात डायपर्यंत (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापर्यंत) पोहोचूच देणार नाही असं बंदिस्त गार्डच हवं.

घर्षण क्लचची प्रेस फेऱ्याच्या मध्येही सोडवता येते. हवेच्या दाबाने क्लच जोडला जातो, आणि हवा सोडली की क्लच सुटून स्प्रिंगा ब्रेक लावतात. वीज गेली, हवेचा पाइप फुटला, तरी प्रेस थांबण्याच्याच बाजूला जाते. हवा सोडणारा व्हॉल्व्हही जोडीने बसवतात, एक अडकला तरी दुसरा हवा सोडतो. दोन हातांची बटणं आणि प्रकाशाचा पडदा यांना अर्थ येतो तो या क्लचमुळेच.

पण तो अर्थ लायनिंग ठीक असेपर्यंतच. पडदा डायपासून किती लांब लावायचा हे ठरवताना हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. इशारा मिळाल्यापासून रॅम थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर पुढे येतो, म्हणून पडदा निदान तेवढा लांब हवा, आणि वर थोडी जास्तीची जागा. ब्रेकचं लायनिंग झिजून किंवा तेलकट होऊन हाच वेळ ०.२५ झाला की अंतर ५० सेंटिमीटर लागतं, पण पडदा जिथे बोल्टने बसवला तिथेच असतो. प्रेस चालते, माल निघतो, पडद्याचा हिरवा दिवा लागलेला असतो, आणि हात मध्ये गेला तर रॅम वेळेत थांबत नाही. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावाच लागतो. म्हणून थांबायला लागणारा वेळ ठरावीक काळाने यंत्र लावून मोजायचा, प्रेसच्या वहीत लिहायचा, आणि वाढलेला दिसला तर लायनिंग आणि व्हॉल्व्ह पाहून होईपर्यंत ती प्रेस बंद ठेवायची.